आजोबांच्या पलीकडे : सुतार घराण्यांच्या इतिहासाची साधने

आपल्या ज्ञातीतील कोणत्याही घरी वडीलधाऱ्या माणसापाशी बसून घराण्याची हकीकत विचारावी. ते वडिलांचे नाव सांगतात, आजोबांचे सांगतात, थोडा वेळ आठवून पणजोबांचेही सांगतात. त्यापुढे प्रश्न केला म्हणजे उत्तर येते की, आपण विश्वकर्म्याचे वंशज. हे उत्तर श्रद्धेचे आहे, आणि त्या श्रद्धेला धक्का लावावा असे प्रस्तुत लेखकाच्या मनात मुळीच नाही. परंतु पणजोबा आणि विश्वकर्मा यांच्या दरम्यान जो दीर्घ काळ गेला, त्या काळात आपली माणसे कोणत्या गावी राहत होती, कोणाचे नांगर घडवीत होती, दुष्काळ पडला तेव्हा कोठे गेली आणि परत आली की नाही, याविषयी आपण काहीच बोलत नाही. ही मोकळी जागा पुढे कल्पनेने भरली जाते. कोणी आपले मूळ उत्तरेकडील एखाद्या राजकुळात शोधतो, कोणी एखाद्या प्रसिद्ध किल्ल्याच्या बांधकामाशी आपल्या घराण्याचे नाते जोडतो. पुरावा विचारला तर तो नसतो, आणि विचारणाऱ्यालाच घराण्याचा अभिमान नाही असे ठरते.

याच्या मुळाशी एक समजूत आहे. इतिहास सरदारांना असतो, इनामदारांना असतो, देशमुख-देशपांड्यांना असतो. गावच्या सुताराला कसला इतिहास, अशी ती समजूत होय. विसाव्या शतकात महाराष्ट्रात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले, त्यांतील बहुतेक घराणी लेखणीवर किंवा तलवारीवर उपजीविका करणारी होती, यामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली. ती खरी नाही, एवढेच या लेखात दाखवावयाचे आहे. सुताराचे नाव जुन्या कागदांत आहे. ते कोठे आहे आणि सार्वजनिक वाचनालये व पुरालेखागारे यांच्या साहाय्याने तेथपर्यंत कसे जाता येते, याचे दिग्दर्शन पुढे केले आहे.

वतन आणि निशाणी

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, गाडा आणि मोटेचे लाकूडसामान घडविणे व दुरुस्त करणे हे त्याचे काम; त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, आणि कित्येक गावी थोडी इनाम जमीनही असे. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे, तिच्या गुणदोषांसह, बारकाईने वर्णन आले आहे. परंतु सुतारकी हा केवळ धंदा नव्हता, ते वतन होते. ते वडिलांकडून मुलाकडे येई, भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. जपानचे इतिहाससंशोधक हिरोशी फुकाझावा यांनी पुण्यातील पेशवेकालीन कागदांचा अभ्यास करून अठराव्या शतकातील बलुतेदारांवर १९७२ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचे निबंध पुढे १९९१ साली ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाले. बलुतेदार हा एकेका कुळाचा चाकर नसून साऱ्या गावाचा वतनदार सेवक होता, असे त्यांनी मूळ कागदांवरून दाखविले. आपल्या पूर्वजांच्या वतनाचा कागद टोकियोहून आलेल्या विद्वानाने वाचावा आणि आपण मात्र तो आहे हेही जाणू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वतन म्हटले की तंटा आला, आणि तंटा आला की कागद झाला. वतनदार सुतार दुष्काळामुळे अथवा धामधुमीमुळे गाव सोडून जाई. गावाला नांगर तर हवेच, म्हणून दुसऱ्या सुतारास आणून बसवीत. काही वर्षांनी पहिल्याचा मुलगा किंवा नातू परत येऊन वतन मागे. मग गोतसभा भरे. उभय पक्षांच्या तकरीरी, म्हणजे जबान्या, लिहून घेतल्या जात, प्रत्येक पक्ष आपला बाप, आजा, पणजा यांची नावे सांगे, साक्षी होत, निवाडा होई, आणि त्याचा महजर तयार होई. त्या काळी वंशावळ लिहून ठेवण्याची ऐपत नसलेल्या माणसाची वंशावळ अशा रीतीने सरकारदरबारी आपोआप लिहिली गेली. भांडण हे घराण्याला लज्जास्पद मानून लपविण्याची आपली रीत आहे; इतिहासाच्या दृष्टीने मात्र जे घराणे भांडले, त्याचीच हकीकत शिल्लक राहिली.

महजराची आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तंटा पाटीलकीचा असो वा कुलकर्णाचा, निवाड्याच्या वेळी गावचे बलुतेदार हजर असत, आणि महजराच्या शेवटी त्यांची नावे घातली जात. ज्यांस लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढून निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढे नांगर येई, लोहाराच्या नावापुढे सांडस किंवा हातोडा, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, आणि सुताराच्या नावापुढे लाकूड तासण्याचा वाकस. निरक्षर म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्या आपल्या पूर्वजांची ही स्वाक्षरी होय. म्हणून आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्याने केवळ आपल्या आडनावाचे कागद शोधू नयेत. आपल्या गावच्या पाटलाचे, कुलकर्ण्याचे, देशमुखाचे जे कागद प्रसिद्ध झाले असतील, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. आपला माणूस बहुधा तेथे, दुसऱ्याच्या कागदाच्या तळाशी, साक्षीदार म्हणून उभा असतो.

प्रारंभ घरापासून

कित्येक उत्साही मंडळी एकदम पेशवे दप्तरापासून सुरुवात करू पाहतात व निराश होतात. शोधाची दिशा नेहमी आजपासून मागे, एका वेळी एक पिढी, अशी असावी. प्रथम घरातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारावे, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. जन्मसाल त्यांना सांगता येत नसले तरी प्रसंग सांगता येतात. "मानमोडीच्या साथीत आजी गेली" असे कोणी सांगितले तर ते साल १९१८ हे निश्चित होते. मुंबईतील प्लेगची पहिली साथ १८९६ ची. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. आणि अलीकडचा, अनेकांनी प्रत्यक्ष भोगलेला दुष्काळ १९७२ चा. कुलदैवत कोणते, देवक कोणते, लग्नसंबंध कोणत्या गावांशी होत, हेही विचारावे. यावरून काही सिद्ध होते असे नाही, परंतु कोणत्या मुलुखात शोधावे याचा अंदाज येतो.

त्यानंतर घरातील कागद पाहावेत. खरेदीखत, गहाणखत, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, रेल्वेच्या किंवा गिरणीच्या नोकरीचे पुस्तक, मनिऑर्डरीची पावती यांपैकी काहीही क्षुल्लक मानू नये. पोटमाळ्यावरील पेटीत मोडी कागदांचे पुडके असेल तर ते उन्हात टाकू नये, चिकटपट्टी लावू नये, पाणी लावून उलगडण्याचा प्रयत्न करू नये. ते स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकारास दाखवावे. घर पाडून नवे बांधताना किती पेट्या अशाच रद्दीत गेल्या, याची गणती कोणी केलेली नाही.

गावचे व तालुक्याचे दप्तर

घरानंतरचे दुसरे स्थान म्हणजे शाळा. जुन्या प्राथमिक शाळांच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, जात आणि गाव यांची नोंद असते. तिसरे स्थान तहसील कार्यालय. गाव नमुना १४ मध्ये, ज्यास लोक 'कोतवाल बुक' म्हणून ओळखतात, गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असत. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे, त्यापूर्वीच्या काळासाठी हेच पुस्तक उपयोगी पडते. चौथे साधन जमिनीचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला व पुढे गावोगावी फेरफारांची नोंदवही सुरू झाली. कर्ता पुरुष वारला की वारसाचा फेरफार पडतो, आणि त्यात मुलांची, क्वचित विधवेचीही नावे येतात. आजच्या सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागे गेले तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचणे पुष्कळ घराण्यांना शक्य आहे.

ज्या सुतार घराण्यांकडे गावकीच्या सेवेबद्दल इनाम जमीन होती, त्यांनी १९५३ च्या कायद्यानंतरच्या नोंदी अवश्य पाहाव्यात. समाजोपयोगी सेवेची इनामे त्या कायद्याने रद्द झाली, आणि ती जमीन कोणाच्या नावे व कोणत्या अटीवर राहिली याचा कागद महसुली दप्तरात झाला. मराठवाड्यातील बंधूंची वाट थोडी निराळी आहे. तो प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तेथील जुने कागद बहुशः उर्दूत आहेत. १९५४ चे खासरा पत्रक हे तेथील शोधाचे चांगले आरंभस्थान होय, आणि त्यामागील कागदांसाठी हैदराबादच्या पुरालेखागाराकडेही पाहावे लागते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे जरूर आहे. इतर मागासवर्गात मोडणाऱ्या आपल्या ज्ञातीतील मुलांना जातवैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्या निमित्ताने घरोघर धावपळ होते, आजोबांच्या शाळेचा उतारा मिळतो, दाखला हाती येतो, आणि शोध तेथेच थांबतो. ज्या दिवशी तो उतारा मिळाला त्या दिवशी आपण आजोबांपर्यंत पोहोचलेलो असतो, आणि पुढचा रस्ता नुकताच मोकळा झालेला असतो. दाखल्याची झेरॉक्स फाईलला लावून त्याच वेळी आजोबांच्या वडिलांचा फेरफार मागितला, तर घराण्याच्या इतिहासाचे दुसरे पान आपोआप उघडते.

सार्वजनिक वाचनालय

पुष्कळांची समजूत अशी की, वाचनालयात कादंबऱ्या व वृत्तपत्रे असतात. महाराष्ट्रातील जुनी वाचनालये ही त्याहून पुष्कळ मोठी ठेव आहेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला, व त्यानंतर तालुक्या-तालुक्यात अनुदानप्राप्त वाचनालये उभी राहिली. यांतील जुन्या संस्थांच्या संदर्भविभागात छापील ऐतिहासिक साधने असतात, आणि ग्रंथपालास विचारले असता ती बसून वाचावयास मिळतात.

आपल्या कामाची पुस्तके कोणती? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला व पुढे एकंदर बावीस खंड झाले. गावोगाव पायपीट करून राजवाड्यांनी जी दप्तरे मिळविली, त्यांत वतनांचे तंटे व महजर पुष्कळ आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्रसाहित्या'च्या खंडांतही असे कागद आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध आहेत. त्यांत राजकारणाला प्राधान्य आहे, हे लक्षात ठेवावे. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ चा इंग्रजी ग्रंथ महजर कसे वाचावेत हे समजून घेण्यास उत्तम आहे. जुने शब्द अडले तर मोल्सवर्थचा कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश हाताशी असावा.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरे घराण्याचे नाव देत नाहीत, परंतु गावाचा परगणा, बाजार, दुष्काळ, रस्ते यांची माहिती देतात. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत प्रत्येक ज्ञातीचे वर्णन आहे. ते सरकारी अधिकाऱ्यांनी ठोकळमानाने केलेले आहे, म्हणून ते तपासून घ्यावे, डोळे मिटून उतरवू नये. पुण्याजवळील लोणी गावाचे, तेथील शेतकऱ्यांचे, कारागिरांचे व अवजारांचे वर्णन डॉ. टॉमस कोट्स यांनी लिहिले, ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. पेशवाई बुडून दोन-चार वर्षेच झाली होती तेव्हाचे ते गाव आहे. त्याच लोणीकंदचा डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुन्हा अभ्यास करून १९६० साली ग्रंथ लिहिला. आपल्या पूर्वजांचे नाव या पुस्तकांत मिळणार नाही. ते ज्या जगात वावरले ते जग मात्र मिळते.

यांपैकी पुष्कळ ग्रंथ आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या तरुणांना हा मोठाच लाभ आहे. तथापि, एखादा महजर वाचून तो आपल्याच गावचा आहे की त्याच नावाच्या दुसऱ्या गावचा, हे ठरविण्यास जुन्या ग्रंथपालाचा किंवा स्थानिक अभ्यासकाचा सल्ला जितका उपयोगी पडतो, तितके यंत्र पडत नाही.

पुरालेखागार

छापलेले कागद मूळ संग्रहाचा अल्प अंश आहेत. महाराष्ट्र शासनाच्या पुरालेखागाराची परंपरा १८२१ साली मुंबईत सुरू झालेल्या सचिवालयीन दप्तरखान्यापासून आहे, आणि मुंबईखेरीज पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथेही शासनाची पुरालेखागारे आहेत. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुण्याचे, ज्यास पेशवे दप्तर म्हणतात. १८१८ नंतर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची चौकशी चालली, आणि कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे हे ठरविण्यासाठी घराण्यांकडून सनदा, कैफियती व वंशावळी मागविल्या गेल्या. ज्या चौकशीने अनेकांची इनामे गेली, त्याच चौकशीने त्यांचे कागद मात्र सुरक्षित राहिले. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तेथे आहेत. गावांचे झाडे, जमाबंदीचे हिशेब, वतनांचे निवाडे त्यांत आहेत, आणि गावगाड्याचे बहुतेक कागद आजही अप्रकाशित आहेत.

पुरालेखागारात जाताना प्रथम आपल्या गावाचा जुना पत्ता काढावा. आजचा तालुका-जिल्हा तेथे उपयोगी नाही; मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक, सुभा अमुक, असा पत्ता लागतो. ओळखपत्र व अर्ज देऊन, आपला विषय नीट लिहून, सूची पाहावी. आडनावाने शोधू नये; जुन्या कागदांत सुताराचे आडनाव क्वचितच येते. 'अमुक बिन अमुक सुतार मौजे अमुक' असे लिहिलेले असते. 'बिन' म्हणजे मुलगा. म्हणून शोध गावाच्या नावाने करावा. कागद सापडल्यास रुमाल क्रमांक, कागदाची तारीख व पहिली ओळ वहीत टिपून ठेवावी. ही टीप नसेल तर पुढच्या पिढीला तोच शोध पुन्हा करावा लागतो.

पुण्यातच राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यास राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे; दोन्ही ठिकाणी दप्तरे जतन केलेली आहेत. दक्षिण कोकणातून गोव्यात अथवा गोव्यातून कोकणात गेलेल्या घराण्यांनी पणजीचे पुराभिलेखागार विसरू नये. तेथे पोर्तुगीज कागदांबरोबर मराठी मोडी कागदही आहेत. सरकारी दप्तराबाहेर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूर भागात फिरणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी यांचाही उपयोग होतो. वहीत आपल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावे असतील तर ती मोलाची. त्यामागे जोडलेली पुराणातील नावे वेगळी ओळखावीत.

मोडी आणि कालगणना

या वाटेवरची खरी अडचण मोडी लिपीची आहे. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचे ठरविले, पुढे काही दशकांत मोडी शाळेतूनही गेली, आणि आज शेकडो वर्षांचा मराठी व्यवहार मराठी माणसालाच वाचता येत नाही. २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची उणीव साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. मोडी अवघड आहे, अशक्य नाही. मुळाक्षरे थोड्या आठवड्यांत येतात. निरनिराळ्या हातांचे वळण ओळखण्यास मात्र काही महिने नियमित वाचन करावे लागते. शासनाचे पुरालेखागार व काही संस्था त्याचे वर्ग चालवितात.

दुसरी अडचण सालाची. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. पेशवेकाळात पुष्कळदा सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो उलटा, म्हणजे एकंपासून हजाराकडे, वाचावयाचा असतो. उदाहरणार्थ, 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, मिळून ११७३. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७२ येते. मृग नक्षत्राच्या सुमारास हे वर्ष बदलत असल्यामुळे पुढील जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेस ६०० मिळवावे लागतात. एवढे दोन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तरी अर्धी भीती जाते.

सत्य स्वीकारण्याची तयारी

वरील मार्गाने गेल्यावर जे मिळेल ते नेहमीच आवडेल असे नाही. आपले घराणे गावचे मूळ वतनदार आहे अशी घरात ठाम समजूत असावी, आणि कागदावरून असे निघावे की आपण उपरी म्हणून आलो व मूळ वतनदाराच्या जागी बसलो. पूर्वजाने कर्जापायी वतनाचा वाटा विकल्याचे निघावे. पूर्वजांच्या पराक्रमाची जी कथा आपण मुलांना सांगितली, तिला आधार न सापडावा. गावगाड्यात आपल्यापेक्षा खालच्या मानलेल्या बलुतेदारांना आपल्याच माणसांनी कसे वागविले, याचीही नोंद कदाचित पुढे यावी. अशा वेळी कागद बाजूला ठेवून जुनी कथाच छापण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दुष्काळात परक्या गावी येऊन, तेथील शेतकऱ्यांचे नांगर घडवून, तीन पिढ्यांत त्या गावचा विश्वास मिळविणारा सुतार हा काल्पनिक राजपुत्रापेक्षा कमी प्रतीचा पूर्वज आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने आपल्या अभिमानाचीच तपासणी करावी.

यासाठी दोन पथ्ये पाळावीत. सारख्या नावामुळे दोन माणसे एक समजू नयेत. गाव, बापाचे नाव व काळ ही तिन्ही जुळल्याखेरीज पिढी जोडू नये. आणि जेथे पुरावा संपतो तेथे वंशावळीतील रेघही थांबवावी. पुढची घरे रिकामी ठेवावीत. रिकामे घर उद्या कोणी भरू शकतो. खोट्या नावाने भरलेले घर मात्र पुढच्या संशोधकाची वाट कायमची चुकविते.

आणखी एक उणीव कागदांचीच आहे. त्यांत स्त्रिया क्वचित दिसतात. विधवेने वतनावर हक्क सांगितला किंवा वारसाच्या फेरफारात तिचे नाव आले, तरच ती आपल्याला भेटते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा निर्णय शासनाने केला आहे. मागच्या पिढ्यांच्या बाबतीत हे काम आपणच करावयाचे आहे. पणजीचे नाव व माहेर आज सांगू शकणारी माणसे प्रत्येक घरात एखाद-दुसरीच उरली आहेत. कागद पुरालेखागारात पन्नास वर्षे वाट पाहील. ही माणसे पाहू शकणार नाहीत.

ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य

एकेकट्या कुटुंबाला हे काम झेपणे कठीण आहे, म्हणून आपल्या संस्थेने ते अंगावर घ्यावे असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ज्ञातिबांधवांच्या घरांतील जुन्या कागदांची केवळ यादी करावी. कागद ज्याचे त्याच्या घरीच राहू द्यावेत, पण त्यांची छायाचित्रे घेऊन एक प्रत संस्थेत व एक स्थानिक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी पारितोषिके देतो. त्यांबरोबर दोन होतकरू तरुण-तरुणींच्या मोडीच्या शिक्षणाचा खर्च संस्थेने करावा, आणि त्यांनी त्याबदल्यात ज्ञातीच्या घरांतील कागद वाचून द्यावेत. वार्षिक स्मरणिकेत दर वर्षी एका गावच्या सुतार घराण्याची, पुराव्यासह लिहिलेली, दोन पानी हकीकत छापावी. दहा वर्षांत दहा गावे होतील. ती दहा खरी असली म्हणजे पुरे.

या कामाला फार द्रव्य लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, थोडी चिकाटी आणि वडीलधाऱ्यांपाशी बसण्यास वेळ, एवढे भांडवल प्रत्येक घरी आहे. ही स्मरणिका हाती पडेल त्या आठवड्यात प्रत्येक बंधुभगिनीने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून पणजोबा-पणजीचे नाव, गाव व माहेर विचारून, विचारल्याच्या तारखेसह लिहून ठेवावे, अशी नम्र विनंती आहे.